एकट्याने मारलेल्या खुणा

दारव्हा तालुक्यातला पहिला सी.ए. अशी माझी ओळख करून द्यायची पद्धत पडून आता साठ वर्षं होत आली. शाळेच्या गॅदरिंगला, लग्नाच्या मांडवात, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठतो आणि माझ्याकडे हात करून हे वाक्य म्हणतो. मी हात जोडतो. थांबा, हे बरोबर नाही, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात दारव्ह्याच्या आमच्या जुन्या शाळेने भिंतीवर तशीच पाटी बसवायचं ठरवलं आणि तिचा मजकूर तपासायला माझ्याकडेच पाठवला. जन्मभर लोकांचे कागद तपासून त्यांवर सही करत आलो; त्या कागदावर मात्र सही होईना. म्हणून हे लिहितो आहे.

मी यवतमाळला आलो तेव्हा आणे जाऊन नवे पैसे नुकतेच आले होते. माझे वडील दारव्ह्याला प्राथमिक शाळेत मास्तर. इंटर कॉमर्स झाल्यावर त्यांनी ओळखी काढून मला साहेबांकडे चार वर्षांच्या करारावर लावून दिलं. साहेब म्हणजे नागपूरहून येऊन यवतमाळात ऑफिस थाटलेले चार्टर्ड अकाउंटंट. ऑफिस म्हणजे सरकी-ढेपेच्या दुकानावरच्या दोन खोल्या. टेबलाला, फायलींना, आमच्या सदऱ्यांना ढेपेचा वास. सी.ए. व्हायचं तर अशा माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबायचं, गावोगाव जाऊन वह्या तपासायच्या आणि उरलेल्या वेळात पुस्तकं वाचून परीक्षा द्यायची, असा तो मार्ग होता. शेवटच्या परीक्षेच्या फॉर्मवर साहेबांची सही लागे. सही नाही तर परीक्षा नाही.

माझ्या दोन महिने आधी एक मुलगा तिथे लागला होता. तोही आमच्याच तालुक्यातला, दारव्ह्यापासून सहा-सात मैलांवरच्या तांड्यावरचा. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेला. वडील आता त्याच तांड्यावर कोरडवाहू शेती करत. साहेब करारासाठी मुलांकडून काही रक्कम घेत. याच्याकडून घेतली नाही. तो पहिल्यांदा आला तेव्हा साहेबांनी त्याच्यापुढे एक वही टाकली आणि म्हणाले, "वाच मोठ्याने." त्याने पान वाचलं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. पान संपल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "उद्यापासून ये."

त्याचा आवाजच तसा होता. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे कॉलिंग. एकाने पावतीवरचा मजकूर मोठ्याने बोलायचा, दुसऱ्याने वहीत ती नोंद शोधून तिच्यापुढे पेन्सिलीने खूण करायची. जुळलं तर खूण, नाही जुळलं तर नोंदीभोवती गोल. तो बोलणारा, मी टिकणारा, म्हणजे टिक करणारा. प्रत्येकाची पेन्सिल वेगळी : साहेबांची हिरवी, त्याची निळी, माझी लाल. कोणती खूण कोणाची हे दहा वर्षांनीही कळलं पाहिजे. साहेबांचा एकच कडक नियम होता. एकट्याने टिक करायचं नाही. "आकडा डोळ्यांना फसवतो," ते म्हणत, "कानाला फसवणं त्याला जरा जड जातं."

माझ्या या जोडीदाराला हे नवीन नव्हतं. त्याचा आजा मुक्कामावर बैल मोजायचा तेव्हा एक जण बैलाच्या पाठीवर थाप मारून रंग ओरडायचा आणि दुसरा मोजायचा. "एकट्यानं मोजले का आवडता बैल दोनदा मोजल्या जाते," तो सांगे. आकडे बोलताना त्याच्या आवाजाला एक चाल यायची. तीन आकडी संख्या आली की तो शेवटच्या आकड्यावर जरा थांबे, जसा माणूस पायरीवर पाय टेकवून पाहतो. मला झोप यायला लागली की त्या चालीतच मध्ये घुसवून द्यायचा, "पावती एकशे चाळीस, सरकी, सात पोती, जागा हाय का बे, एकशे एकेचाळीस..."

आम्ही दोघं एकाच खोलीत राहत होतो. भाडं अर्धं अर्धं. स्वयंपाक तो करायचा, कारण माझ्या भाकरीचा कोणत्याही देशाचा नकाशा होई. दर पंधरा दिवसांनी त्याचे वडील तांड्यावरून येत. त्याच्या आईने, म्हणजे याडीने, दिलेलं ज्वारीचं पीठ, तूरडाळ आणि लाल मिरच्यांचा ठेचा घेऊन. ते आपल्या पोराशी त्यांच्या बोलीत बोलत आणि माझ्याकडे वळले की वऱ्हाडीत. एकदा भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी विचारलं, "तुमी पोट्टे होनार तरी काय, ते सांगा मले."

"सी.ए., काकाजी," मी म्हटलं.

"म्हंजे वह्या लिहनार?"

"नाही. लोकायनं लिहलेल्या वह्या पाहणार. बरोबर हायेत का नाही ते."

"अन् तुमी बरोबर पाह्यल्या का नाही, हे कोन पाहीन?"

"हा माह्यं पाह्यते, मी याचं," जोडीदार भाकर थापता थापता म्हणाला.

म्हातारा खूप हसला. "एका मानसाच्या कामाले दोघं लावले म्हना!" मग हसू थांबवून त्यांनी मला, पोराला नव्हे, मला सांगितलं. वैशाखातली परीक्षा होईपर्यंत हा इथे. त्यानंतर याच्या धाकट्या भावाची शिकायला यायची पाळी. दोघांना शहरात ठेवणं त्यांना झेपणारं नव्हतं. "पास झाला तं चांगलंच. नाही झाला तरी वापस. मी धाकट्याले शब्द देल्ला हाय."

हे मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं. त्याला एकच परीक्षा मिळणार होती आणि ते मला ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं घाटंजीजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या वह्या तपासायला गेलो. चौथ्या दिवशी मला कळलं की पांढरकवड्याकडे शंकरपट भरतो आहे आणि माझ्या मामांची जोडी धावणार आहे. ज्यांनी शंकरपट पाहिला नसेल त्यांना सांगायचं तर बैलजोडीची शर्यत, सपाट रानात, आणि भोवती सगळा मुलूख लोटलेला. मामांचे ते दोन बैल मी वासरं असल्यापासून पाहिले होते. मी दिवसभर चुकीच्या ओळींपुढे खुणा मारत राहिलो. शेवटी जोडीदाराने पावत्यांचा गठ्ठा खाली ठेवला.

"जाय ना बे. मामाचे बैल का रोज धावतेत?"

"अन् कॉलिंग?"

"मीच बोलतो, मीच टिकतो. माही याडी भाकर थापते अन् गाणंही म्हनते. तिले कोनी दुसरं लागते का?"

"साहेबाले समजलं तं?"

"लाल पेन्सिल ठेवून जाय. तुह्याच खुणा दिसतीन."

मी पेन्सिल ठेवली आणि गेलो. साहेबांची परवानगी न घेता, त्यांच्या कामाच्या जागेवरून, दोन दिवस. मामांची जोडी तिसरी आली. मी धुळीत उभा राहून गळा फाटेस्तोवर ओरडलो आणि रेवड्यांचा पुडा घेऊन परत आलो. जोडीदाराने दोन दिवसांचं सगळं काम संपवलं होतं. पहिल्या सकाळी तो नेहमीसारखा मोठ्याने बोलत, स्वतःच टिक करत बसला होता. फॅक्टरीच्या बाबूने दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काहून गा, भुतासंगं बोलून राह्यला का?" बाहेर कामावरच्या बायाही हसल्या. मग तो मनातल्या मनात वाचू लागला. हे त्याने मला रेवड्या खात खात, हसत सांगितलं. मीही हसलो.

चूक तिथेच झाली होती. त्या हंगामात फॅक्टरीने नवी वजनं सुरू केली होती. आवकेची नवी वही क्विंटलची होती, पण काट्यावर जुन्या मणांच्या पावत्यांची पुस्तकं शिल्लक होती आणि काटेवाला ती संपवत होता. बाबू मणांचे क्विंटल करून वहीत चढवी. मध्ये एका दिवसाच्या तीस-पस्तीस पावत्या त्याने तशाच चढवल्या. बारा मणांचे बारा क्विंटल, म्हणजे दुपटीहून जास्त. पावतीवर बारा, वहीत बारा; डोळ्यांना जुळलं. कोणी मोठ्याने "बारा मण" म्हटलं असतं आणि दुसऱ्याची नजर क्विंटलच्या रकान्यावर असती, तर ते क्षणात अडकलं असतं. मी आळशी असेन, पण एवढं मला नक्की ऐकू आलं असतं.

पुढे मालकांनी गोदामातला कापूस मोजला तर वहीपेक्षा बराच कमी भरला. चोरी झाली म्हणून त्यांनी काटेवाल्याला दोन दिवस फाटकाबाहेर बसवून ठेवलं. साहेब स्वतः घाटंजीला गेले, एका सकाळीत चूक काढली, काटेवाल्याला आत घ्यायला लावलं आणि ती वही पिशवीत घालून यवतमाळला परतले. आल्या आल्या त्यांनी आम्हाला समोर उभं केलं. वही उघडी होती. पानभर लाल खुणा.

"या तुझ्या?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला. "साहेब, त्या मी मारल्या. एकट्यानं. याले ताप होता, हा पडून होता."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ताप होता?"

"हो," मी म्हणालो.

एवढाच माझा गुन्हा आहे. एक अक्षर. पण माझ्या हातून त्याहून मोठी खोटी सही कधी झाली नाही.

खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, हे कायले केलं. तो म्हणाला, "तू साहेबाले न सांगता गेलता. तुहा करारच गेला असता. माह्यं काय, शिव्या खाल्ल्या का मोकळा." त्याला खरोखर तसंच वाटलं होतं, मलाही. पण चार दिवसांनी फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा साहेबांनी माझ्या फॉर्मवर सही केली आणि त्याचा बाजूला सरकवला. "तू पुढच्या खेपेला. एकट्याने खुणा मारणाऱ्याला मी इतक्यात माझ्या सहीने पुढे पाठवणार नाही. सहा महिन्यांनी काही बिघडत नाही."

साहेबांना त्याच्या वडिलांचा शब्द माहीत नव्हता. त्याने तो सांगितला नाही; दया मागितल्यासारखं झालं असतं. मला माहीत होता. फॉर्मची मुदत संपायला तेव्हा एकोणीस दिवस होते. एका रविवारी मी साहेबांच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवून. साहेब देवपूजेला बसले होते. काकूंनी, त्यांच्या पत्नीने, मला ओट्यावर बसवलं आणि "किती वाळलास रे, परीक्षेचं जागरण का?" म्हणत पोह्यांची बशी हातात दिली. वर दाणे, खोबरं, लिंबाची फोड. मी पोहे खाल्ले. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "काय रे?" मी म्हणालो, "काही नाही, सहज." आणि परत आलो. त्या पोह्यांची चव मला अजून आठवते, आणि ते फार चांगले झाले होते हेही लिहिलं पाहिजे.

नंतरचे तीन महिने त्याने मला शिकवलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. ऑफिस सुटल्यावर तो आदल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसे, आपल्या त्या चालीत प्रश्न बोले आणि मी उत्तर लिही. कायद्याची कलमं तो स्वयंपाक करता करता म्हणायला लावी. चुकलो की उलथणं भांड्यावर आपटे. "अबे, कंपनीचा डायरेक्टर हाय तो, तुहा मामा नाही! सोडून देशीन का त्याले?" नागपूरच्या एस.टी.त मला बसवायला तोच आला होता. खिडकीतून त्याने याडीच्या हातच्या पोळ्या दिल्या आणि दोन पेन्सिली, एक लाल, एक निळी. "माही बी घेऊन जाय. तिले तरी नागपूर दिसीन."

मी पास झालो. निकालाची तार आली तेव्हा तो यवतमाळात नव्हता. खोलीत त्याचा धाकटा भाऊ राहायला आला होता. तोच तार घेऊन माझ्याकडे धावत आला.

जोडीदार काही दिवसांनी दारव्ह्याच्या शाळेत लागला. तीच शाळा, जिथे आता पाटी बसणार आहे. तिथे त्याने तीस-बत्तीस वर्षं बुककीपिंग शिकवलं. सी.ए.ची परीक्षा त्याने पुन्हा दिली नाही. भावाचं शिक्षण, मग लग्न, मग मुलं. साहेब गेले, त्यांना खरं कधी कळलं नाही. यवतमाळात माझं ऑफिस झालं आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच्या हातचा एखादा मुलगा माझ्याकडे शिकायला येई. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे वही टाकून म्हणे, "वाच मोठ्याने," आणि तो पोरगा शेवटच्या आकड्यावर तसाच थांबे. मला मान वळवून खिडकीबाहेर पाहावं लागे.

तो पास झालाच असता, असं मी लिहिणार नाही. न झालेल्या गोष्टीवर सही करता येत नाही. एवढं खरं की आधीच्या परीक्षेत त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण होते, आणि तो माझ्याबरोबर त्या गाडीत बसला असता तर 'पहिला' हा शब्द मला एकट्याला कोणी लावला नसता. या सगळ्या वर्षांत त्याने ती गोष्ट काढली नाही. माझ्यावर त्याने कधी राग धरला नाही.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी कागद घेऊन दारव्ह्याला त्याच्या घरी गेलो. आम्ही दोघंही आता काठी घेऊन चालतो. त्याला दिसतं चांगलं, मला ऐकू चांगलं येतं. देवाने जोडी तशीच ठेवली आहे. त्याच्या सुनेने चहा आणला. मी कागद त्याच्यापुढे ठेवले.

"काय हाय बे हे?"

"तपासायचं हाय. तू बोल, मी टिकतो."

मी खिशातून लाल पेन्सिल काढली. त्याने चष्मा पुसला, पहिला कागद उचलला आणि वाचू लागला. साठ वर्षांनी तीच चाल. आवाज फाटला आहे, पण ओळीच्या शेवटी तो अजून पाय टेकवतो. माझ्याकडे दुसरी प्रत होती, मी ओळीमागून ओळ खूण करत गेलो. शंकरपटाशी तो हसला. "तिसरी नव्हती आली, चौथी आलती. तू तवाच खोटं सांगितलंतं. तुह्या मामानंच मंग सांगितलं मले." मी तिथे गोल केला. पोह्यांपाशी तो थांबला, चहाचा घोट घेतला आणि पुढे गेला. सून दारात उभी राहून ऐकत होती.

शेवटचं वाक्य त्याने वाचलं. "माझ्यावर त्याने कधी राग धरला नाही." मग कागद खाली ठेवला.

"हे बरोबर नाही."

मी पेन्सिल उचलून धरली होती.

"राग आलता. चार-पाच वर्षं होता. खोलीत तुले प्रश्न बोलत होतो ना, तवा बी होता. फॉर्मची शेवटची तारीख होती, त्या दिवशी मी सांजेपर्यंत ऑफिसच्या पायरीवर बसलो होतो. म्हनलं, आता जाईन हा वर. आता सांगीन. तू वर गेला अन् तुही छत्री घेऊन खाली आला."

मला ती छत्री आठवत नाही. त्या दिवशीचं काहीच आठवत नाही. ज्या दिवसाचा हिशेब मी जन्मभर मांडतो आहे, त्यातला हा भाग माझ्या वहीत नव्हताच.

"मंग कसा गेला राग?" मी विचारलं.

"धाकटा ओव्हरसीअर झाला तवा अर्धा गेला. बाकीचा," तो जरा थांबला, "तू ऑफिसासाठी पहिला पोट्टा माह्याकडून मागितला ना, तवा गेला. म्हनलं, याले माहा आवाज पाहिजे अजून." मग सुनेकडे वळून म्हणाला, "याच्या चहात साखर टाक थोडी. तोंड पाह्य याचं."

मी विचारलं, ती ओळ खोडू का.

"खोडतेत का वहीत? साहेबानं काय शिकवलं?"

साहेबांनी शिकवलं होतं की खाडाखोड करायची नाही. चूक तशीच दिसू द्यायची आणि दुरुस्ती खाली वेगळी लिहायची. म्हणून ती ओळ वर तशीच ठेवली आहे, मामांच्या बैलांचा तिसरा नंबरही, आणि दुरुस्ती ही इथे. पाटीच्या मजकुरातून 'पहिला' काढून कागद शाळेला परत पाठवला आहे, सोबत या लिखाणाची एक प्रत. ते काय करतील ते करोत.

मी त्या ओळीभोवती गोल केला. त्याने वाकून नीट झाला का पाहिलं, आणि मान हलवली.